मैदान कोणाचे? : शालेय फुटबॉलचा आश्रय आणि मराठवाडा

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने एका दिवसात दहा लाख विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळवण्याचा संकल्प सोडला. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा त्या ऑक्टोबरात भारतात व्हायची होती, तिचे काही सामने नव्या मुंबईत होते, आणि त्या निमित्ताने राज्यभर शाळाशाळांतून चेंडू वाटण्यात आले. मराठवाड्यातही आले. या उपक्रमाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ज्या शाळेच्या आवारात फुटबॉल कधी उसळलाच नव्हता तेथे तो एक दिवस का होईना उसळला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु चेंडू गाडीत घालून पाठवता येतो. मैदान तसे पाठवता येत नाही, आणि मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडणारा, वेळेला खिशात हात घालणारा समाज तर मुळीच पाठवता येत नाही. तो जेथे आहे तेथे का आहे, जेथे नाही तेथे का नाही, आणि जेथे आहे तेथे तो नेमका कोणाचा आहे, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. आपल्याकडे ते फारसे विचारले गेलेले नाहीत.

खेळाचा इतिहास आपल्याकडे चषकांचा आणि वीरांचा लिहिला जातो. कोणी किती गोल केले याची नोंद सापडते. संघाच्या प्रवासाचे भाडे कोणी दिले, बूट कोणी घेतले, खेळाच्या शिक्षकाचा पगार कोणत्या तिजोरीतून आला आणि ज्या जमिनीवर सामना झाला ती कोणाच्या नावावर होती, याची नोंद सापडत नाही. बहिष्कृतांच्या दृष्टीने खरा इतिहास या दुसऱ्या वहीत आहे. ज्याला देवळात, पाणवठ्यावर, शाळेत प्रत्येक ठिकाणी आधी जागेसाठीच भांडावे लागले, त्याने खेळाकडे पाहतानाही आधी जागेकडेच पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात फुटबॉलला लोकाश्रय कोठे आहे असे विचारले तर कोणीही कोल्हापूरचे नाव घेईल, आणि ते बरोबर आहे. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार, किंवा शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम यांचा सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. पोलीस बंदोबस्त लागतो. संघांची नावे पाहा. ही नावे तालमींची आहेत. म्हणजे परदेशातून आलेला हा खेळ कोल्हापुरात कुस्तीच्या घरात राहायला गेला. तालीम, तिची इमारत, तिचे पंच, तिची गणपतीची वर्गणी, तिच्याविषयीचा पेठेचा अभिमान हे सगळे आधीच उभे होते. फुटबॉलला ते आयते मिळाले. हल्ली हंगामासाठी बाहेरून, अगदी परदेशातूनही खेळाडू आणले जातात. तो पैसा कोणत्याही शासकीय अनुदानातून येत नाही. पेठेतून, व्यापाऱ्यांतून, पुढाऱ्यांतून येतो.

या आश्रयाच्या मुळाशी संस्थान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला त्याची खूण म्हणजे खासबाग मैदान. ते १९१२ साली खुले झाले. पुढे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या मागेही राजघराणे उभे राहिले, आणि संस्थान विलीन झाल्यावर राजाश्रयाची जागा हळूहळू पेठांच्या लोकाश्रयाने घेतली. आता शाळांकडे येऊ. शालेय फुटबॉलमध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र हायस्कूलचे नाव मोठे आहे. ही शाळा श्री प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस या संस्थेची. ही संस्था १९२० सालची, शाहू महाराजांच्या वसतिगृह-चळवळीतून जन्मलेली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून ही चळवळ सुरू झाली. मग जैन, लिंगायत, मुसलमान अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. महाराजांनी जागा आणि पैसा देताना हात आखडता घेतला नाही. १९०२ सालीच ज्याने नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासांसाठी राखल्या त्या राजाच्या हेतूविषयी शंका घेणे हा कृतघ्नपणा ठरेल. पण रोपे एकाच हाताने लावली तरी जमीन वेगवेगळी होती. मराठा बोर्डिंगच्या मागे शेती असलेला, पुढे सहकारी साखर कारखाने काढणारा, सत्तेत बसणारा समाज उभा राहिला. त्यातून शाळा निघाल्या, महाविद्यालये निघाली, मैदाने आली, संघ आले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या मागे असा कोणता समाज उभा राहणार होता? ज्याच्याजवळ महारवतनाचा तुकडा आणि येसकराची काठी, त्याने मुलाला वसतिगृहात पाठवले हीच त्याची कमाल होती. वसतिगृहातून शाळा आणि शाळेतून संघ हा प्रवास त्याच्या ऐपतीच्या पलीकडचा होता.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सर्वांनी अभिमानाने ऐकली आहे, आणि ती अभिमानाचीच आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांना पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. गावाने वर्गणी काढली. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा पैशावर मिळाले. या गोष्टीपुढे मी हात जोडतो. पण वर्गात ती सांगून झाली की मागच्या बाकावरचा एखादा मुलगा विचारतो, सर, आपल्यातल्या कोणासाठी असे कोणी घर गहाण ठेवले का? त्याला काय सांगायचे? मी त्याला पळवणकर बाळूंची हकीकत सांगतो.

बाळू चर्मकार समाजातले. जन्म १८७६ चा, धारवाडचा. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, यासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत. मग ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर गेले. तेथे ग्रेग नावाच्या साहेबाला फलंदाजीचा सराव हवा म्हणून ते तासन् तास गोलंदाजी करीत. मैदान त्यांनी नोकर म्हणून मिळवले, सभासद म्हणून नव्हे. पुढे हिंदूंच्या संघाला जिंकण्यासाठी त्यांची गरज पडली तेव्हा चेंडू त्यांच्या हातून चालला, पण चहा तंबूबाहेर मातीच्या कुल्हडात मिळाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही १९२३ साली, बऱ्याच भांडणानंतर. (याच बाळूंना १९३७ साली मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीला उभे करण्यात आले. आश्रय देणाऱ्यांचा हिशेब असा असतो. बाळू हरले, ही गोष्ट वेगळी.) आश्रयावर वाढलेल्या गुणाला आश्रयदात्याच्या मर्जीची मर्यादा असते, हे या एका आयुष्यात स्पष्ट दिसते.

मुंबईची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण तेथील आश्रय सरळ डोळ्यांना दिसणारा आहे. गोऱ्या पलटणींनी १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू केला. मिशनरी शाळांनी खेळाला अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. त्यांच्याकडे आवारे होती, फी होती, आणि आपल्या शाळेला न विसरणारे माजी विद्यार्थी होते. पुढे टाटा, मफतलाल, महिंद्र अशा कंपन्यांनी संघ बाळगले आणि खेळणाऱ्या पोरांना नोकऱ्या दिल्या. मिशनची शाळा, कूपरेज, कंपनीची नोकरी अशी ही साखळी होती. तिच्यात गोव्याकडचे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि मुसलमान तरुण पुढे आले. गिरणगावातल्या चाळीत राहणारा आपला माणूस मात्र गिरणीत विणकाम खात्यात शिरू शकत नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या वेळी मांडला होता. जेथे मागावर उभे राहायला जागा नाही तेथे संघात कोठून मिळणार?

आता मराठवाडा. येथे मला थांबावे लागेल.

निजामाच्या राज्यात फुटबॉल नव्हता असे कोणी समजू नये. उलट त्या काळातला देशातला सर्वोत्तम फुटबॉल हैदराबादेत होता. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर होते. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान घेतले. पण तो फुटबॉल राजधानीचा होता. राजधानीच्या शाळा, राजधानीची पोलीस लाइन, राजधानीचे मैदान. औरंगाबाद सुभ्याचे ठिकाण असले तरी मराठवाडा हा त्या राज्याचा महसूल गोळा करण्याचा प्रांत होता. येथे सरकारी शाळा मोजक्या, माध्यम उर्दू. मराठीतून शिकवू पाहणाऱ्यांना खाजगी शाळा काढाव्या लागल्या. औरंगपुऱ्यातली सरस्वती भुवन ही १९१५ ची, तशाच प्रयत्नातली. आणि या खाजगी प्रयत्नांनाही सरकारी परवानगीचा फास होता. शाळा काढायला परवानगी, सभा घ्यायला परवानगी, आखाडा काढायलाही परवानगी. १९३८ च्या हैदराबाद सत्याग्रहामागच्या तक्रारींत आखाड्यांवरील निर्बंध ही एक तक्रार होती. कोल्हापूरच्या तालमी ज्या काळात राजाच्या मेहेरनजरेखाली वाढत होत्या, त्याच काळात येथे तालीम ही संशयाची जागा होती. ज्या घरात फुटबॉल राहायला गेला असता ते घरच येथे बांधले गेले नाही.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर रोजी, मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांचे आणि प्रशिक्षक हैदराबादचे रहीम. ही केवळ तारखांची जुळणी आहे, तिच्यातून मोठा सिद्धांत काढू नये. पण मराठवाड्याच्या वाट्याला काय आले याचे चित्र तिच्यात दिसते. एका महिन्यापूर्वी आपण हैदराबाद सोडून मुंबईत आलो होतो. हैदराबादचा फुटबॉल हैदराबादेत राहिला, मुंबईचा मुंबईत. औरंगाबादेत आमखास मैदानाभोवतीच्या मुसलमान वस्त्यांनी तो आपल्या हिमतीवर जपला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यांच्यामागे ना संस्थान होते ना साखर कारखाना. शहरात कारखानदारी १९६० नंतर आली, पण मुंबईतल्या कंपन्यांनी संघ बाळगून जे केले ते येथे घडले नाही.

आणि गावात? गावातला लोकाश्रय मी लहानपणी पाहिला आहे. आमच्या गावच्या जत्रेला कुस्त्यांची वर्गणी घरटी गोळा होई. वस्तीतूनही होई, त्यात भेदभाव नव्हता. इनामाच्या कुस्तीला आमच्यातले कोणी मातीत उतरल्याचे मला आठवत नाही. हलगी मात्र वस्तीतल्याच माणसांची असे, आणि ती वाजल्याशिवाय कुस्ती रंगत नसे. शाळेत एक फुटबॉल होता. तो कपाटात असे, आणि कपाटाची किल्ली ज्या सरांकडे होती ते तालुक्याहून ये-जा करीत. लोकाश्रय, लोकसहभाग, लोकवर्गणी हे शब्द हल्ली शासनाच्या प्रत्येक योजनेत असतात. ते वाचताना मला आधी ती वर्गणीची पावती आठवते. 'लोक' या शब्दात आपण पैसे देताना असतो. मैदानात उतरताना असतो की नाही, हे गाव ठरवते. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा याच 'लोकां'नी मराठवाड्यात किती वस्त्या जाळल्या हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

म्हणून मराठवाड्यात आपल्या मुलांसाठी एकच मैदान उरते, ते सरकारी शाळेचे. आणि येथे या प्रदेशाचे एक वेगळेपण आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा भार खाजगी संस्थांनी उचलला. १९१९ सालची रयत शिक्षण संस्था हे त्याचे सर्वांत उजळ उदाहरण. मराठवाड्यात निजामकाळातल्या सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या. म्हणून येथे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी 'जिल्हा परिषद प्रशाला' दिसते, आणि तिच्याभोवती बऱ्याचदा मोठे, मोकळे आवार असते. ते कोणत्याही जातीच्या बोर्डिंगचे नाही, मिशनचे नाही, कारखान्याचे नाही. सार्वजनिक आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले त्यानंतर पहिल्या पिढीची जी मुले नागसेनवनात आली, त्यांतली कितीतरी अशा शाळांतून आली. ज्यांच्या मालकीचे काही नव्हते त्यांना सरकारच्या मालकीचे थोडेफार मिळाले.

मग सरकारने या मैदानांवर किती खर्च केला? येथे प्रादेशिक असमतोलाचा जुना वाद काढावा लागतो. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाडा आणि विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन दिले होते. ते किती पाळले गेले हे पाहण्यासाठी १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली. तिने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशा नऊ क्षेत्रांत तो मोजला गेला. गुरांचा दवाखाना त्यात आहे, आणि तो असलाच पाहिजे. खेळाचे मैदान त्यात नाही. मी समितीला दोष देत नाही. दुष्काळी प्रदेशात पाणी आधी मोजायचे असते. पण जे मोजले गेले नाही त्याचा अनुशेषही नोंदला गेला नाही. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, आणि या सगळ्या काळात मराठवाड्यातल्या शाळकरी मुलांच्या मैदानाचा हिशेब अनुशेषाच्या खात्यावर कधीच आला नाही. कोल्हापूरच्या मुलाला पेठेने दिले, मुंबईच्या मुलाला मिशनने आणि कंपनीने. आपल्या मुलाला शासनाने द्यायचे होते. शासनाच्या वहीत ते पानच नव्हते.

स्थानिक पैशावर खेळ सोडला की काय होते याचा अमेरिकेत मोठा नमुना आहे. तेथील फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तो लंबगोल चेंडूचा, अंगावर आदळण्याचा खेळ. टेक्सास राज्यात माध्यमिक शाळांच्या या खेळाला शुक्रवारी रात्री अख्खे गाव लोटते. डॅलसजवळच्या ॲलन या सधन उपनगराने एका शाळेसाठी सहा कोटी डॉलरचे, अठरा हजार प्रेक्षकांचे स्टेडियम बांधले. ते २०१२ साली उघडले. पैसा स्थानिक करदात्यांनी मतदान करून मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा. त्याच राज्यात सॅन अँटोनिओच्या एजवुड या मेक्सिकन वंशाच्या गरीब भागातल्या पालकांनी न्यायालयात विचारले होते की शाळेचा खर्च जर घरपट्टीवर अवलंबून असेल, तर ज्यांची घरेच मोडकी त्यांच्या मुलांनी काय करायचे? १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. आणि त्याआधीची गोष्ट आणखी ओळखीची आहे. वंशभेदाच्या काळात टेक्सासमधील काळ्यांच्या शाळांना गोऱ्यांच्या संघटनेत प्रवेश नव्हता. त्यांनी १९२० साली आपली संघटना काढली. ती १९७० पर्यंत टिकली. त्यांचे सामने बुधवारी किंवा गुरुवारी रात्री होत, कारण शुक्रवारची रात्र आणि मैदान गोऱ्या शाळांचे असे. साहित्य पुष्कळदा गोऱ्या शाळांनी टाकलेले. पाणवठ्यावर सवर्णांचे भरून झाल्यावर ओंजळ धरणाऱ्या आपल्या आजीला हे वेळापत्रक समजावून सांगावे लागले नसते. मात्र त्या काळ्या शाळांच्या मागे त्यांचा समाज उभा राहिला. चर्च, शिक्षक, वस्तीतले छोटे दुकानदार यांनी ती गुरुवारची रात्र आपली केली. दलित पँथरने १९७२ साली काळ्यांच्या चळवळीकडून नाव घेतले, जिद्द घेतली. ही गुरुवारची रात्र आपण घेतली नाही, असे मला वाटते. आंबेडकर जयंतीला आपण वस्तीवस्तीतून जी वर्गणी उभी करतो ती पाहिली की आपल्यात लोकाश्रय उभा करण्याची ताकद नाही असे कोण म्हणेल? चौदा एप्रिलच्या वर्गणीतला काही भाग वस्तीतल्या मुलामुलींच्या संघाला द्यावा, असे कोठे कोठे तरुण बोलू लागले आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. विशेषतः मुलींसाठी, कारण वस्तीतल्या मुलीला मैदानात पाठवायला आधी वस्तीच राजी करावी लागते.

परंतु या मार्गाची मर्यादाही दिसते, आणि ती नागपूरने दाखवली आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली, तिची मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. नागराज मंजुळे यांनी २०२२ साली 'झुंड' या चित्रपटात हीच कथा घेतली. त्या चित्रपटात महाविद्यालयाचे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि साऱ्या चित्रपटाचा जीव त्या भिंतीत आहे असे मला वाटले. एका शिक्षकाने ती ओलांडायला वाट करून दिली. हे थोर काम आहे. पण भिंत कोणी बांधली, ती कोणाच्या पैशातून बांधली आणि ती पाडायची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न शिक्षकाच्या थोरवीत विरघळून जाऊ नयेत. निवृत्तीनंतर तो शिक्षक नसेल तेव्हा काय? आपल्याकडे २०१५ साली संचमान्यतेचे निकष बदलले आणि क्रीडाशिक्षकाचे पदच अनेक शाळांत अडचणीत आले. बारसे घडायला आधी एक क्रीडाशिक्षकाची नोकरी असावी लागते.

कोणी म्हणेल, पोटाचे प्रश्न असताना हे खेळाचे लाड कशाला? त्यांच्यासाठी दोन गोष्टी. शालेय स्पर्धांत जिल्हा, विभाग, राज्य असे वर चढलेल्या मुलाला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. आणि २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. ते अनुसूचित जातींच्या जागांतही आहे. म्हणजे मैदान ही आता नोकरीची पायरी आहे. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्या गुणांना त्या शहराने ओळखले आणि पुण्याच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीने पुढे नेले. त्याच्याइतकाच चपळ मुलगा घनसावंगी किंवा गंगाखेडच्या वस्तीत नसेलच असे कोणी छातीठोकपणे सांगावे. त्याच्या पायाला चेंडू लागला नाही, म्हणून आपल्याला तो माहीत नाही. उलट मधल्या काळात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीला आली. मैदान नसलेल्याला प्रमाणपत्र नाही, आणि मैदानावर न उतरलेल्याला मात्र ते विकत मिळते, अशी ही रीत.

औरंगपुऱ्यात महात्मा फुले आणि सावित्रीबाईंचे पुतळे आहेत, आणि जवळच जिल्हा परिषदेचे मैदान. शहराच्या मधोमध एवढी सार्वजनिक मोकळी जागा मिळणे आता कठीण. या मैदानावर दिवाळीचा फटाका बाजार भरत असे. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याला आग लागून शंभरावर दुकाने खाक झाली, तेव्हा सुरक्षेची पुष्कळ चर्चा झाली. खेळाच्या मैदानावर फटाक्यांचा बाजार का होता, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. मैदान रिकामे दिसले की ते प्रदर्शनाला, सभेला, मंडपाला, वाहने लावायला द्यायचे, हे शहराला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कोणाचे काही हिरावले जाते असे वाटतच नाही. खाजगी शाळेचे मैदान भाड्याने गेले तर फी भरणारे पालक जाब विचारतात. प्रशालेच्या पालकांनी कोणाला जाब विचारायचा? ते त्या वेळी वाळूजच्या फाट्यावर कामाच्या शोधात उभे असतात, नाहीतर ऊसतोडीला गेलेले असतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असलेच पाहिजे असे लिहिलेले आहे, आणि खेळाचे साहित्यही. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यात आपला एखादा तरी शिक्षक, एखादा तरी कार्यकर्ता आहे. आपल्या तालुक्यातील जिल्हा परिषद प्रशालांच्या नावावर मूळ किती जागा होती, आज किती उरली, मधली कोणाला आणि कोणत्या ठरावाने गेली, उरलेल्या जागेवर वर्षातले किती दिवस मंडप असतो, क्रीडाशिक्षकाचे पद भरलेले आहे काय, आणि गेल्या पाच वर्षांत या शाळेचा फुटबॉल संघ जिल्हा स्पर्धेला गेला असेल तर गाडीभाडे कोणी दिले, एवढी माहिती मागायला एक अर्ज पुरतो. माझ्या विद्यार्थ्यांनी अशा अर्जांचा मसुदा तयार केला आहे. पहिले अर्ज गंगापूर, पैठण आणि सिल्लोड या तीन तालुक्यांसाठी जातील. जालना, बीड आणि परभणीकडच्या मित्रांनी आपापल्या तालुक्याचे काम उचलले, तर पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आत निदान या चार जिल्ह्यांच्या मैदानांची यादी आपल्या हाती असेल.